तेच गणित पुन्हा पुन्हा कशाला?



पावसाळा लागला की सूरतेत एक आकडा घराघरांत पाठ होतो, तो म्हणजे 345. उकाई धरण पूर्ण भरले की त्याची पातळी 345 फूट. पावसाळ्यात वर्तमानपत्रात त्याची छोटी चौकट येते : आजची पातळी, आवक इतके क्युसेक, विसर्ग इतके क्युसेक. आपल्या शाळेतील बहुसंख्य कुटुंबे मूळची खानदेशातली, त्यामुळे त्यांना ही चौकट दोन्ही टोकांनी कळते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडू लागले की गावाकडून फोन येतो, "पाणी सोडलंय, सांभाळा." तेच पाणी प्रकाशा ओलांडून उकाईच्या जलाशयात येते आणि तिथून सुमारे शंभर किलोमीटर खाली येऊन आपल्या पुलांखालून समुद्राकडे जाते.

या अंकात आम्ही त्या चौकटीविषयीच लिहिणार आहोत, परंतु विषय पुराचा नाही. विषय गणिताचा आहे, आणि थोडासा आपल्या संगणक कक्षाचा. विश्वस्त मंडळापुढे वीस नव्या संगणकांचा प्रस्ताव आहे. त्याबाबत आमचे मत जरा निराळे आहे, आणि ते बंद खोलीत मांडण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

बारावी विज्ञानच्या चार विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी उकाईचा प्रकल्प घेतला. पुढच्या दहा दिवसांत वरून किती पाणी येईल याचा अंदाज हाती आहे असे समजायचे. दहा दिवस म्हणजे 240 तास. प्रत्येक तासाला धरणातून किती पाणी सोडायचे ते असे ठरवायचे, की खालच्या शहराला कमीत कमी त्रास व्हावा आणि पावसाळा संपताना धरणही भरलेले राहावे. म्हणजे अज्ञात राशी 240. मर्यादा तीन प्रकारच्या. पाणी 345 फुटांच्या वर जाता कामा नये. ते ठरावीक पातळीच्या खाली उतरता कामा नये, कारण सिंचन, पिण्याचे पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी त्यावर आहेत. आणि त्या त्या पातळीला धरणाच्या 22 दरवाजांतून जास्तीत जास्त जेवढे पाणी जाऊ शकते, त्याहून अधिक सोडता येणार नाही. तीन प्रकार गुणिले 240 तास, झाल्या 720 मर्यादा.

असे प्रश्न सोडवणारे तयार प्रोग्रॅम आज फुकट मिळतात. ते एक योजना हातात घेतात, थोडी सुधारतात, पुन्हा तपासतात, पुन्हा सुधारतात. प्रत्येक फेरीत ते आपल्याला दोनच गोष्टी विचारतात. या योजनेत प्रत्येक मर्यादेपासून आपण किती दूर आहोत? आणि योजनेतला एखादा आकडा किंचित हलवला, तर ते अंतर किती हलेल? पहिले उत्तर म्हणजे मर्यादेची किंमत, दुसरे म्हणजे तिचा विकलज. ही दोन उत्तरे देणारा भाग मात्र आपला आपणच लिहायचा असतो, आणि सगळी मेख तिथे आहे.

(शब्दांविषयी थोडे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा आम्ही याला 'अवकलज' म्हणत होतो आणि मर्यादेला 'व्यवरोध'. मराठी पुस्तकांत 'विकलज' आहे, शेजारच्या गुजराती शाळेत 'विकलित'. आपली मुले तिन्ही शब्द ऐकतात आणि गोंधळतात. गोंधळ शब्दांचा आहे, वस्तू एकच आहे.)

आणि ही वस्तू सूरतकरांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचा विसर्ग 9 लाख क्युसेकच्या आसपास गेला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली आला. दोष कोणाचा, या वादात आम्ही इथे पडत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल, आपण सारे जिन्यात उभे राहून पायऱ्या मोजत होतो. किती पायऱ्या बुडाल्या हा एक प्रश्न होता. तासाला किती पायऱ्या बुडताहेत हा दुसरा, आणि खरे तर रात्रभर जागे ठेवणारा प्रश्न हा दुसराच होता. सामान वर न्यायचे की माणसांनीच वर जायचे, हे त्याच्यावर ठरत होते. त्याचे नाव विकलज.

आता मुलांच्या प्रोग्रॅमकडे येऊ. त्यांनी तो पायथॉनमध्ये लिहिला, मधल्या सुट्टीत सुरू केला आणि शाळा सुटली तरी तो चालूच होता. शेवटी शिपाईमामांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला आणि प्रकल्प तिथेच विझला. दुसऱ्या दिवशी मुले आमच्याकडे अर्ज घेऊन आली, 'संगणक जुने आहेत, नवीन मिळावेत.' अर्ज चुकीचा नव्हता. काही कळफलकांवरची अक्षरे पुसली गेली आहेत, दोन यंत्रे तर पंख्यासारखा आवाज करतात.

आपल्याकडे आठवड्यातून काही तासांपुरत्या गणिताच्या बाई येतात. त्यांनी तो प्रोग्रॅम छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसल्या. एक तासाने त्यांनी आम्हाला बोलावून जे दाखवले, ते इथे सविस्तर लिहितो, कारण आमचे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे.

दहाव्या तासाची पातळी काढायला मुले पहिल्या तासापासून हिशेब सुरू करत होती : सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा विसर्ग, असे दहा वेळा. अकराव्या तासासाठी पुन्हा पहिल्यापासून, अकरा वेळा. 240 व्या तासासाठी 240 वेळा. या सगळ्यांची बेरीज दहावीचा विद्यार्थीही सूत्राने काढील. 240 गुणिले 241 भागिले 2, म्हणजे 28,920. बँकेच्या पासबुकात प्रत्येक ओळीची शिल्लक काढायला कारकून खाते उघडल्याच्या दिवसापासून बेरीज करत बसत नाही. तो वरच्या ओळीतली शिल्लक घेतो. तसे केले असते तर 240 पायऱ्यांत काम झाले असते.

बरे, हे एवढ्यावर थांबले नाही. तीन प्रकारच्या मर्यादांसाठी मुलांनी तीन वेगळी फंक्शने लिहिली होती, आणि प्रत्येक फंक्शन हाच हिशेब स्वतंत्रपणे करत होते. जणू तीन भाऊ एकाच दुकानाचा जमाखर्च आपापल्या वहीत वेगवेगळा लिहिताहेत.

तिसरी गोष्ट विकलजांची. मुलांनी सरळसोट उपाय केला होता. पहिल्या तासाचा विसर्ग किंचित वाढवा, सगळा हिशेब पुन्हा करा, फरक बघा. मग दुसऱ्या तासाचा वाढवा, सगळा हिशेब पुन्हा करा. मूळ हिशेब धरून एका फेरीत 241 वेळा. आता गुणाकार करा : 28,920 गुणिले 3 गुणिले 241. उत्तर येते 2 कोटी 9 लाख 9 हजार 160. सुधारणेच्या एका फेरीला इतके तास-हिशेब, आणि प्रत्येकात साठ्यावरून पातळी काढण्यासाठी एक लांबलचक तक्ता वरून खाली चाळायचा. अशा शेकडो फेऱ्या. मेन स्विच बंद होणारच होता.

बाईंनी काय केले? आधी पासबुक केले. वरच्या ओळीची शिल्लक जपून ठेवली आणि तिन्ही मर्यादा त्याच एका फेरीतून काढल्या. मग तक्ता. धरण भांड्यासारखे असते, वर रुंद होत जाते, त्यामुळे वरच्या एका फुटात खालच्या फुटापेक्षा जास्त पाणी मावते. म्हणूनच साठा आणि पातळी यांचे नाते सरळ रेषेचे नाही, तक्ता लागतो. परंतु तक्त्यातली योग्य ओळ एकदा सापडली की ती आणि तिच्या खालची ओळ यांमधून पातळीही मिळते आणि पातळी वाढण्याचा दरही मिळतो. ओळ एकदाच शोधायची, उत्तरे दोन घ्यायची. मुले ती दोनदा शोधत होती. शिवाय मागच्या तासाची ओळ जवळपासच असते, तेव्हा शोध पहिल्या ओळीपासून कशाला?

दरवाजांचे उदाहरण आम्हाला सर्वांत आवडले, कारण ते थेट बारावीच्या पुस्तकातले आहे. सांडव्याच्या माथ्यावरून मोकळे वाहणारे पाणी हे माथ्यावरच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असते. उंची 16 घेतली तर दीड घात 64. त्याचा विकलज काढायला पुन्हा घात काढायची गरज नाही. हाती आलेले 64 दीडपट करा आणि 16 ने भागा, उत्तर 6. घात काढणे संगणकालाही महाग पडते, एक गुणाकार आणि एक भागाकार स्वस्त. एका किमतीच्या पोटातच दुसरी तयार बसलेली असते. सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे दिसत नाही, सूत्राकडे बघणाऱ्याला दिसते.

यानंतरची युक्ती अधिक खोल आहे. बाईंनी प्रत्येक तासाचा साठाही अज्ञात मानला. त्यामुळे अज्ञात राशी 240 च्या 480 झाल्या. हे ऐकून आम्हीही म्हटले, काम वाढवलेत की! पण आता प्रत्येक तासाच्या समीकरणात तीनच अज्ञात राहिले : आधीच्या तासाचा साठा, या तासाचा साठा आणि या तासाचा विसर्ग. बाकी 477 अज्ञातांशी त्या समीकरणाचा काही संबंध नाही, तिथे विकलज शून्य. 240 ओळी आणि 480 स्तंभांच्या चौकटीत 1,15,200 घरे. त्यांत भरलेली फार तर 720. रिकाम्या घरांत शून्य आहे हे आधीच माहीत असताना ते मोजायला का जायचे?

आणि जे मोजायचे तेही एकेक करून नाही. सगळे सम तासांचे साठे एकदम हलवा. त्यांपैकी कोणतेही दोन एका समीकरणात येत नाहीत, म्हणून कोणत्या बदलाला कोण जबाबदार हे स्पष्ट कळते. मग सगळे विषम तासांचे साठे. मग सगळे विसर्ग. तीन वेळा हलवणे आणि एक मूळ हिशेब, असे चार हिशेब झाले. एकेक हलवत बसलो असतो तर 481. ही गट पाडण्याची पद्धत कर्टिस, पॉवेल आणि रीड या तिघांनी 1974 साली मांडली. ती समजायला हजेरीपटापलीकडचे गणित लागत नाही, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

किंचित हलवून फरक बघण्यात आणखी एक धोका असतो. किंचित म्हणजे किती? फार हलवले तर दर चुकतो. फारच कमी हलवले तर संगणकाजवळचे सोळाएक अंक अपुरे पडतात आणि वजाबाकीत खरा फरक नाहीसा होतो. जरीच्या एका तारेचे वजन करायला मालाने भरलेला टेम्पो आधी तारेसह आणि मग तारेशिवाय काट्यावर नेण्यासारखे ते आहे. म्हणून सूत्र हाती असेल तिथे विकलज सूत्रानेच काढावा. मग ही हलवून बघण्याची रीत फेकून द्यायची का? मुळीच नाही. तिचा उपयोग ताळा म्हणून करायचा. मुलांनी नंतर सूत्राने काढलेल्या विकलजांचा असा ताळा पाहिला, तेव्हा विसर्गाचे एक चिन्हच उलटे निघाले. पाणी सोडले की साठा वाढतो, असे त्यांचा प्रोग्रॅम मानून चालला होता!

सुधारलेला प्रोग्रॅम त्याच जुन्या, पंख्यासारखा आवाज करणाऱ्या यंत्रावर मुलांनी डबे उघडून होण्याआधी उत्तर देऊन मोकळा झाला.

आता विश्वस्त मंडळाला आमचे निवेदन. नवा संगणक समजा चौपट वेगवान आहे. पहिल्या प्रोग्रॅमला तो चौपट वेगाने तेच तेच पुन्हा करायला लावील. आणि दहाऐवजी वीस दिवसांचा हिशेब मागितला तर? जुन्या पद्धतीचे काम दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होते. चौपट वेगाचे नवे यंत्र एका झटक्यात पुन्हा मागे पडते. पासबुकाच्या पद्धतीचे काम फक्त दुप्पट होते. म्हणून आम्ही म्हणतो, वीस नको, दहा संगणक घ्यावेत. उरलेल्या रकमेतून गणिताच्या बाईंची तासांवरची नेमणूक पूर्णवेळ करावी. यंत्राची किंमत दरवर्षी घटते, आणि तो प्रोग्रॅम पेन्सिलीने वाचणारे माणूस मात्र आपल्याला अजून आठवड्यातून काही तासच परवडते आहे.

काही विश्वस्तांचा आग्रह आहे की 'एआय'चे वर्ग सुरू करावेत, त्याला नवी यंत्रे हवीतच. आग्रह रास्त आहे. पण त्या विषयाचा पाया कुठे आहे हे पाहावे. शहराला होणाऱ्या त्रासाचा एकच आकडा घ्या आणि विचारा, 240 विसर्गांपैकी प्रत्येकाचा त्यावर परिणाम किती? यासाठी हिशेब 241 वेळा करावा लागत नाही. एकदा पुढे करायचा आणि एकदा उलटा, 240 व्या तासाकडून पहिल्याकडे यायचा. प्रत्येक तासाला एवढेच विचारायचे की इथे थोडे पाणी जास्त असते तर अखेरचा आकडा किती बदलला असता? त्याचे उत्तर पुढच्या तासाच्या उत्तरावरून मिळते. अज्ञात कितीही असोत, सारा खर्च मूळ हिशेबाच्या चार-पाच पटीतच राहतो. फिनलंडमधील सेप्पो लिन्नाइनमा यांनी 1970 साली आपल्या प्रबंधात ही उलट चालीची रीत मांडली. आज ज्या यंत्रबुद्धीचे कौतुक चालले आहे, तिला शिकवताना हीच रीत वापरतात, फक्त अज्ञातांची संख्या अब्जांत असते. पाटीवर 240 तासांचे उदाहरण न सोडवता मुलांना थेट त्या वर्गात बसवले, तर ती बटणे दाबायला शिकतील.

उलट चालीला एक अट आहे, आणि ती पालकांसाठी लिहितो. परत येताना वाटेतली प्रत्येक मधली संख्या लागते. पुढे जाताना ती पुसून टाकली असेल तर परतीचा रस्ता बंद. संगणकाच्या स्मृतीत ती जपावी लागते, विद्यार्थ्याच्या बाबतीत वहीत. आमच्याकडे तक्रारी येतात की मुलांच्या गणिताच्या वह्या घाणेरड्या दिसतात, उजवीकडे खरडलेले असते. ते कच्चे काम आम्हीच पुसू दिलेले नाही. या सत्रापासून चाचणी परीक्षेत ते खोडल्यास गुण कापले जातील. सुबक वही पाहून आम्हालाही बरे वाटते, परंतु त्यात मूल कुठे अडखळले ते दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट, चाळीसगावकडच्या कुटुंबांसाठी. त्यांच्या गावाजवळच्या पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे नेमक्या त्या क्षणीच्या गतीचा, विचार केला आहे. विकलज हा परका पाहुणा आहे असे खानदेशातल्या मुलाने तरी समजू नये.

मुलांच्या प्रकल्पातून सूरतेचा पूर टळेल असे आम्ही म्हणत नाही. खरे निर्णय धरणावरचे अभियंते घेतात, आणि त्यांची मुख्य अडचण हिशेबाची नसून येणाऱ्या पाण्याच्या अंदाजाची असते. पण नेमका तो अंदाज दर काही तासांनी बदलतो. हतनूरहून नवा आकडा आला की सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि जे उत्तर सकाळपर्यंत थांबायला लावते ते रात्रीच्या पाण्यासाठी कामाचे नसते.

प्रकल्प पुढच्या पावसाळ्यातही चालू राहील. वर्तमानपत्रातील उकाईची चौकट रोज कापून तारखेसह वर्गात जमा करायची आहे, घरातील कोणीही करावी. आणि ज्यांचे नातलग भुसावळ, सारंगखेडा किंवा प्रकाशा येथे आहेत, त्यांनी गावाकडून फोन आला की किती दरवाजे उघडले आणि किती वाजता, एवढे चिठ्ठीवर लिहून मुलांबरोबर पाठवावे. वेळ लिहायला विसरू नये.